महिपती सुताराचा पंजा

महिपती सुताराने वाळवंटात माणूस मारला. मेलेल्याच्या रक्ताचा पंजा बंदुकीवर उठला, तो काही केल्या निघेना. म्हणून त्याच्या अरबाबाने, म्हणजे मालकाने, त्याला इंडस्ट्रियल एरियातल्या वर्कशॉपमध्ये कोंडून घातलंय, पासपोर्ट काढून घेतलाय, आणि बायकोच्या ऑपरेशनलासुद्धा सोडत नाहीये.

ही बातमी मला कौशिकने सांगितली. शुक्रवारची सकाळ, दोह्याच्या अल नस्रमध्ये आमच्या इमारतीखालचं चहाचं दुकान, हातात करकचा, म्हणजे इथल्या वेलदोड्याच्या कडक चहाचा, कागदी पेला. मी काय केलं? आणखी एक करक मागवला. असली बातमी एका पेल्यात संपत नाही.

कौशिक आयटीतला. लुसैलला चकचकीत ऑफिस, दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, आणि शुक्रवार-शनिवारात कुणाला तरी वाचवल्याशिवाय ह्या मुलाला रविवारी ऑफिसला जाववत नाही. गेल्या महिन्यात त्याने एक मांजर वाचवलं होतं. मांजराची त्याला संमती नव्हती, हे त्याच्या हातावरच्या ओरखड्यांवरून कळत होतं.

“काका, हसू नका. फोटो आहे.”

त्याने फोन पुढे केला. फोटोत बंदुकीचा दस्ता होता. दस्ता म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकतो तो लाकडी भाग. छान अक्रोडाचं लाकूड, आणि त्यावर तळहातासकट पाच बोटं, सुकलेल्या रक्ताच्या रंगाची.

“कुणी पाठवला?”

“मराठी मंडळाच्या ग्रुपवर आला. फॉरवर्डेड मेनी टाइम्स.”

“मग खात्रीचाच.”

“काका, प्लीज. तो माणूस तीन शुक्रवार कुणाला दिसलेला नाही. मी एम्बसीसाठी अर्ज ड्राफ्ट केलाय.”

“अर्जात मेलेल्याचं नाव काय घातलंस?”

“अज्ञात इसम.”

आता मला महिपती चांगला माहीत. त्यामुळे अर्जाचं पुढे काय झालं ते सांगण्याआधी तुम्हाला त्याची ओळख करून देतो, नाहीतर तुम्हीही ‘अज्ञात इसम’ म्हणून मोकळे व्हाल.

महिपती आजऱ्याकडचा. वय अठ्ठेचाळीस, शरीराने सुकलेल्या बोरीसारखा, बोलायला त्याहून कोरडा. कुणाच्याही घरी गेला की आधी दाराची चौकट बोटाने ठोकून बघणार, मग यजमानाला नमस्कार. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा सूनबाईच्या, भैरवीच्या, नव्या डायनिंग टेबलावरून हात फिरवला आणि म्हणाला, “वयनी, ह्यो पुट्टा हाय. लाकडाचा निस्ता फोटू चिटकवलाय वर.” भैरवीने त्याला दुसरी पोळी विचारली नाही. मला मात्र तो त्या दिवसापासून आवडला.

त्याच्या गावाकडे रानडुकरं आणि गवे उसात घुसतात. म्हणून शेतकऱ्यांकडे पीक राखायला परवान्याच्या जुन्या बंदुका असतात. त्यांचे फुटलेले दस्ते महिपतीचा बाप जोडायचा. महिपती हे शिकला, पण त्यावर पोट भरेना, म्हणून बारा वर्षांपूर्वी दोह्याला दारं बसवायला आला. अल अझीझियातल्या एका व्हिलात दार बसवताना त्याला मजलिसच्या, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या, भिंतीवर एक जुनी रायफल दिसली. दस्ता उभा चिरलेला, तारेने करकचून बांधलेला. महिपती दाराचं काम सोडून तिच्यापुढे उभा राहिला.

घराचा मालक उमैर, सैन्यातून निवृत्त झालेला, साठीचा. त्याने विचारलं, “क्या देखता?”

महिपतीचं हिंदी तेव्हाही दिव्य होतं आणि आजही आहे. तो म्हणाला, “साब, ये बंदूक को दुखता है.”

झालं. दार बसलं की नाही कुणास ठाऊक, महिपती मात्र तिथे कायमचा बसला. उमैरसाहेबांचं बंदुका दुरुस्त करायचं छोटं वर्कशॉप होतं, पक्क्या परवान्याचं. इथल्या बऱ्याच घराण्यांत आजोबा-पणजोबांच्या लष्करी बंदुका आहेत. नातवंडांना त्या घेऊन परदेशात शिकारीला जायचं असतं. पण लष्करी बंदूक शिकारीला कुचकामी. तुम्ही लग्नातला बँडवाला बघितलाय ना, टोपीपासून बुटापर्यंत गणवेशात अडकलेला? तशी ती. नळीच्या टोकापर्यंत लाकडाचा कोट, पुढे संगीन अडकवायचा खुंट, आडवी बाहेर आलेली बोल्टची, म्हणजे गोळी चढवायच्या दांड्याची, मूठ. शिकाऱ्याला हवा असतो बाह्या दुमडलेला माणूस. मग लाकूड अर्ध्यावर आणायचं, खुंट काढायचा, वर दुर्बीण बसवायची, आणि मूठ खाली वळवायची म्हणजे ती दुर्बिणीला अडत नाही.

लोखंडाचं सगळं काम अश्फाक बघतो. तो पेशावरकडचा, पोटाने गोल, तोंडाने त्याहून मोकळा. लाकडाचं काम महिपतीचं. जुना दस्ता बहुतेक किडलेला असतो, म्हणून हा अक्रोडाच्या ओंडक्यातून नवा कोरतो, गिऱ्हाइकाच्या हाताच्या लांबीचा, त्याच्या गालाच्या उताराचा. लोखंडाला काजळी लावायची, लाकडात बसवायचं, उचलायचं, लाकडावर जिथे काळं उठलं तिथे पटाशीने केसभर खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा बसवायचं. असं दोन-तीनशे वेळा. शेवटी नळी आणि लाकूड यांच्यामध्ये एक रियालची नोट घालून ओढायची. ती कुठेही न अडता सरकली पाहिजे. नोट अडली तर महिपती जेवत नाही. अश्फाक म्हणतो, “उस्ताद, नोट नया है, मोटा है, पुराना नोट ले लो, खाना ठंडा हो रहा है.” उस्ताद ऐकत नाही.

असा हा माणूस. शुक्रवारी एशियन टाउनला, कामगारांच्या बाजारात, येतो, सगळे सिनेमाला घुसतात, हा बाहेर बाकावर बसतो. तिथेच त्याच्या शेजारी बसून मी त्याच्या घरच्या गोष्टी काढून घेतल्या. काढून घेतल्या असंच म्हणतो, कारण तो आपणहून काही देत नाही.

त्याची बायको राजश्री गावात अंगणवाडीत मदतनीस. तिच्या गर्भाशयात गाठी झाल्या होत्या, अंगावरून फार जायचं. रक्त इतकं कमी झालं की पोरांची खिचडी ढवळताना तिला चक्कर आली. गडहिंग्लजच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन सांगितलं. पहिली तारीख मार्चमधली. महिपतीला जाता आलं नाही, तारीख पुढे ढकलली. दुसरी जूनमधली. तीही ढकलली. राजश्रीचं म्हणणं होतं की नवरा शेजारी असल्याशिवाय ती टेबलावर चढणार नाही, कागदावर सही कोण करणार? आता तिसरी तारीख होती, दिवाळी झाल्यावर, सत्तावीस ऑक्टोबर, सोमवार. डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या होत्या, आता पुढची तारीख मागायला येऊ नका, अंगात रक्त उरणार नाही.

“मग जा की रे,” मी म्हटलं.

“अरबाब सोडत न्हाई, काका.”

“का नाही सोडत?”

“हातात घेतलेली बंदूक पुरी झाल्याबिगर सुट्टी न्हाई. नेम हाय तसा.”

मार्चमध्ये एक बंदूक हातात होती, जूनमध्ये दुसरी. आता तिसरी होती, आणि तीही दुसऱ्या कुणाची नाही, खुद्द उमैरसाहेबांच्या आजोबांची माउझर. मी त्या बाकावर बसून उमैरसाहेबांना अशा काही शिव्या दिल्या की शेजारचा नेपाळी उठून गेला. महिपती खाली मान घालून ऐकत होता. मला वाटलं, बिचाऱ्याला माझ्या तोंडून तरी समाधान मिळतंय.

तरी सप्टेंबरच्या शेवटाला आशा होती. दस्ता कोरून झाला होता. आता लाकूड ओल्या फडक्याने पुसायचं, त्याचे तंतू उठतात, ते वाळल्यावर घासायचे, आणि मग बेलतेलाचे, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचे, हात द्यायचे, रोज एक, तळहाताने चोळून. पंधरा-वीस दिवसांचं काम. विसाव्या तारखेपर्यंत बंदूक तयार, सत्तावीसला हा गडहिंग्लजला. मी बोटांवर मोजून दाखवलं. तो “व्हय, व्हय” म्हणाला, पण मोजणाऱ्याकडे बघितलं नाही.

आणि मध्ये आली खंडेनवमी.

पुढचं मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं, थोडं अश्फाककडून, थोडं राजश्रीकडून. जोडकाम माझं.

सुताराच्या घरात खंडेनवमीला हत्यारांची पूजा चुकत नाही. त्यात ह्यांच्या घरी बंदुकांचा धंदा, म्हणून बापाने एक जास्तीची रीत घातलेली: दस्त्यावर हळदीचा पंजा. पाचही बोटं उठली पाहिजेत, नाहीतर हत्यार रुसतं म्हणे. गावाकडच्या बंदुका वर्षानुवर्षं तेल प्यायलेल्या, हळद दुसऱ्या दिवशी फडक्याने निघून जायची. दोह्यात महिपती गुपचूप फक्त लोखंडाला एक बोट लावायचा आणि भागवायचा.

ह्या वर्षी राजश्रीने व्हिडिओ कॉल लावला. फोन रंध्याला टेकवून ठेवला होता. पटाशा, कानशी, करवत मांडून झाल्या, अश्फाक एका बाजूला चहा पीत तमाशा बघत बसला होता. नेमकी त्याच सकाळी महिपतीने दस्त्यावरून ओलं फडकं फिरवलं होतं. लाकूड कोरं, तेलाचा थेंब नाही, आणि पाणी पिऊन तोंड उघडून बसलेलं.

“आवो, लोखंडाला काय लावताय निस्तं एक बोट?” राजश्री फोनमधून म्हणाली. “मामंजींची रीत इसरलासा काय? पंजा लावा पंजा. तितं न्हवं, त्या लाकडाला. मनापास्नं लावा. म्हणा, औंदा तरी मला घरला जाऊ दे.”

“राजश्री, त्ये कोरं हाय...”

“माजं रगात जातंय आन तुमाला लाकडाचं पडलंय!”

महिपतीने पंजा लावला. पाची बोटं उठली. राजश्रीने फोनच्या पडद्यालाच नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी फडक्याने पुसलं. हळद निघेना. ओल्या अक्रोडाने ती खोलवर ओढून घेतली होती. घासून काढावी तर पंजा बरोबर गालाच्या उतारावर. तिथलं लाकूड उमैरसाहेबांच्या जबड्याच्या मापाने उतरवलेलं, दोन केस कमी झाले की नजर दुर्बिणीच्या रेषेतून खाली जाते. राजश्रीला फोन केला. ती म्हणाली, हळद उन्हात जाते, माझ्या सगळ्या साड्यांची गेलीय. महिपती म्हणाला, बाई, हितल्या उन्हात साडी ठीक हाय, अक्रोड तडकंल.

तो डोकं धरून दुपारी जेवायला गेला, आणि अश्फाकला दोस्ताची दया आली. अश्फाकच्या हातची दया ही लोखंडाला ठीक, लाकडाला नाही. त्याने कपड्यांचा साबण घेतला, पाण्यात कालवला आणि दस्त्यावर मनसोक्त चोळला.

हळदीला साबण लागला की काय होतं, ते कुठल्याही मराठी घरातली मोरी तुम्हाला सांगेल. पिवळा पंजा लालभडक झाला. अश्फाक दोन पावलं मागे सरकला आणि त्याने जे म्हटलं ते मी लिहू शकत नाही, पण सुरुवात “या अल्लाह”ने होती.

महिपती परत आला. बघितलं.

“उस्ताद, कसम से, मैं तो धो रहा था.”

महिपतीने लिंबू आणलं. रंग थोडा पिवळ्यावर आला, पण लाकडाच्या रेषांमध्ये शिरलेला लाल तसाच राहिला आणि वाळून गडद झाला. बिचाऱ्या अश्फाकने फोटो काढून पेशावरच्या चुलतभावाला पाठवला, ‘लकड़ी से ये दाग़ कैसे निकलेगा’. चुलतभावाने दोह्यातल्या दोस्ताला विचारलं. दोस्ताच्या खोलीत एक सोलापूरचा ड्रायव्हर राहतो. सोलापूरच्या ड्रायव्हरने प्रश्न खोडला आणि फक्त फोटो पुढे ढकलला. मंडळाच्या ग्रुपवर येईपर्यंत हळदीचं रक्त झालं होतं, आणि रक्त म्हटलं की प्रेत लागतंच, ते लोकांनी आपापल्या कल्पनेने पुरवलं.

त्यात महिपती शुक्रवारी यायचा बंद झाला. त्याने नवा ओंडका घेतला होता. दस्ता पहिल्यापासून नवा कोरणार. हे दोन महिन्यांचं काम, आणि सत्तावीस तारीख तीन आठवड्यांवर.

आता पुन्हा आमच्या करकवर या. शुक्रवार होता चोवीस तारखेचा. सोमवारी राजश्रीचं ऑपरेशन. कौशिकने गाडी काढली, अर्ज प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातला, मी माझ्या शिव्या तयार ठेवल्या. वाटेत त्याने मला तीनदा बजावलं, “काका, तिथे बोलणं मी करणार. यू जस्ट बी देअर.”

“म्हणजे मी काय, पंच?”

“सीनियर सिटिझन. इम्प्रेशन पडतं.”

वर्कशॉप एशियन टाउनपासून फार लांब नाही. शुक्रवार म्हणून गल्ली बंद. दारात अश्फाक स्टुलावर बसून संत्रं सोलत होता. कौशिकने घसा साफ केला आणि ऑफिसातल्या हिंदीत सांगितलं की आम्हाला ह्या जागेत डांबून ठेवलेल्या व्यक्तीला भेटायचं आहे, आणि अडवलंत तर परिणाम गंभीर होतील.

अश्फाकने एक फोड तोंडात टाकली. “कौन डांबा है?”

“महिपती सुतार.”

“किसने?”

“अरबाबने.”

अश्फाक असा हसला की बिया उडाल्या. मग एकदम हसायचा थांबला. “काका,” तो माझ्याकडे वळला, “इस दरवाज़े का ताला रमज़ान से टूटा पड़ा है. बाहर से बंद होता ही नहीं. अंदर से वो ख़ुद कुंडी लगाता है. बोलता है, धूल आती है.”

“पण पासपोर्ट?” कौशिक म्हणाला.

“उसकी पेटी में. पेटी उसके पलंग के नीचे. पलंग ऊपर के कमरे में. देखना है?”

कौशिकच्या हातातलं फोल्डर जरा खाली आलं. मी म्हटलं, “आणि तो नियम? बंदूक पुरी झाल्याशिवाय सुट्टी नाही?”

“कैसा नियम? मैं तो जून में तीन बंदूक आधी छोड़ के गाँव गया था. एक महीना. अरबाब ने बच्चों के लिए खजूर दिया साथ में.”

हे ऐकून मी तिथल्या दुसऱ्या स्टुलावर बसलो. इतके महिने ज्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो खजूर देणारा निघाला. मग अश्फाकने सगळं सांगितलं. महिन्याच्या सुरुवातीलाच उमैरसाहेब बंदूक बघायला आले होते. महिपतीने दस्ता लपवायचा प्रयत्न केला, पण लपवणार कुठे? साहेबांनी पंजा बघितला, त्यावर आपला पंजा ठेवून बघितला. त्यांचा मोठा निघाला. विचारलं, हे काय? अश्फाकनेच सांगितलं की ह्यांच्यात हत्याराला दुआ देतात, आणि ह्याला बायकोच्या ऑपरेशनला घरी जायचंय त्याची दुआ होती. साहेब महिपतीकडे वळून म्हणाले, “बीवी बीमार, तुम इधर? मुझे क्यों नहीं बोला?” महिपती दस्ता पुसत राहिला. साहेब म्हणाले, “मा फी मुश्किल. कोई बात नहीं. ये हाथ अच्छा है, रहने दो. तेल लगाओ, खलास. तुम घर जाओ.” दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने तिकीट आणून दिलं. गोव्याचं. आज संध्याकाळचं.

“आज?” कौशिक ओरडला.

“आज. और ये सुबह से अंदर लकड़ी छील रहा है.” अश्फाकने संत्र्याची साल मुठीत चुरगळली. “काका, आप पूछो. मुझसे तो बात ही नहीं करता.”

कुंडी वाजवली. दोनदा. तिसऱ्यांदा मी माझा खास आवाज लावला. “महिपा, उघड रे, नाहीतर ह्या कौशिकचा अर्ज तुला पूर्ण ऐकवीन!”

दार उघडलं. आत ढलप्यांचा घोटाभर थर. महिपतीची दाढी वाढलेली, हात कोपरापर्यंत काजळीने काळे. एका बाजूला भिंतीला टेकून उमैरसाहेबांची बंदूक होती, पंजासकट, तेलाचे सगळे हात दिलेली, आरशासारखी. म्हणजे हे काम ह्या गड्याने केव्हाच पुरं केलं होतं. आणि टेबलावर तोच दुसऱ्यांदा कोरायला घेतलेला, अर्धवट दस्ता.

“बंदूक झालीय की रे ही,” मी म्हटलं.

“डाग हाय.”

“मालकाला चालतोय.”

“मला न्हाई चालत. आमच्या घरातनं डागी काम भाईर गेलं न्हाई कदी.”

“तिकीट कुठंय?”

त्याने पटाशीने खिडकीकडे दाखवलं. तिकिटाचा कागद खिडकीच्या फटीत धुळीसाठी खुपसला होता.

कौशिक इतका वेळ गप्प होता, ते त्याला फार झालं. “मामा, सोमवारी ऑपरेशन आहे ना? दे आर वेटिंग फॉर यू! तुम्हाला जायचं नाहीये का?”

महिपतीने त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा काजळीचा ब्रश उचलला. लोखंडाला लावली, लाकडात बसवलं, उचललं. कुठे काळं उठलंय ते बघत राहिला. मला वाटतं ते त्याला दिसतच नव्हतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हात काळे, म्हणून त्याने कोपराने तो टेबलावर सरकवला. अश्फाकने बटण दाबलं आणि नको तेवढ्या तत्परतेने स्पीकरवर टाकला. मी त्याला अडवलं नाही. मी काही संत नव्हे.

“ऐकताय न्हवं?” राजश्रीचा आवाज.

“बोल.”

“मी आज दवाखान्यात जाऊन आले. कागदावर सही करून आले.”

“कसली सही? कुणाची?”

“माजी. डॉक्टरीणबाई म्हणल्या, पेशंट शुद्धीवर हाय, श्यानी हाय, तिची सही तिनंच करायची. नवऱ्याची लागत न्हाई. आवो, पयल्यापास्नंच लागत नव्हती. मीच येड्यावानी तुमची वाट बगत बसले.”

महिपती उभा होता तो हळूच ओंडक्यावर बसला.

“ऐकताय न्हवं?”

“व्हय.”

“तुमी आता काय करायचं न्हाई. सही न्हाई, काय न्हाई. माजं काय बी झालं तरी ते माज्या सहीनं. तुमी निस्तं भाईर बाकड्यावर बसायला या. जमलं तर.” मग तिला राहवलं नाही. “आन त्ये बाकडं सागाचं हाय का कशाचं, ते ठोकून सांगा. नर्सबाई म्हणत्यात सागाचं. माजा इश्वास न्हाई.”

फोन बंद झाला. अश्फाकला मराठी येत नाही, तरी त्याने डोळे पुसले. संत्र्याचा रस गेला असेल म्हणा.

महिपती उठला, मोरीपाशी गेला आणि कोपरापर्यंत हात धुऊ लागला. काजळी लवकर निघत नाही. त्याने तीनदा साबण लावला. मग आमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाला, “कौशिक, बाळा, इमानतळावर सोडतोस?”

“यल्ला, चला मामा!” कौशिकने फोल्डर माझ्या हातात कोंबलं आणि गाडी काढायला धावला.

सोमवारी ऑपरेशन झालं. अडीच तास लागले. राजश्री बरी आहे. उमैरसाहेब पंजा असलेली बंदूक घेऊन कझाकस्तानात शिकारीला गेले. काही मिळालं नाही, पण बंदुकीवर त्यांचा राग नाही. महिपती दीड महिन्याने परत आला.

मंडळात अजून सांगतात की एम्बसीचा अर्ज दाखवल्यावर शेखाने माणूस सोडला. कौशिक ते नाकारत नाही, मीही नाकारत नाही. पण आता लिहायलाच बसलोय तर खरं काय ते लिहितो.

सहा वर्षांपूर्वी महिपतीच्या आईचं, बायडाबाईचं, ऑपरेशन होतं. कागदावर सही त्याने केली होती. बायडाबाई टेबलावरून परत आली नाही. तशी दुसरी सही करायची त्याला भीती वाटत होती. मार्चमध्ये, जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्येही त्याने रजा मागितलीच नव्हती. त्याने कुणाला मारलं नव्हतं. त्याला कुणी कोंडलं नव्हतं. दस्त्यावर हळद होती.